आमच्या घराचा पोटमाळा : एक मोजणी

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला)

आमच्या घरी तेलुगू बोलतात, आणि तेलुगूत पोटमाळ्याला 'अटक' म्हणतात. त्यामुळे मराठी शाळेत 'चोराला अटक झाली' हे वाक्य पहिल्यांदा वाचले तेव्हा चोराला माळ्यावर नेऊन बसवले असावे, अशीच माझी समजूत झाली होती. शेजारच्या कन्नड घरात त्याच जागेला 'अट्ट' म्हणतात. संस्कृतातही 'अट्ट' म्हणजे उंच मजला, वाड्यावरची खोली. सोलापूरच्या पूर्व भागात तीन भाषा एका गल्लीत नांदतात. माळा मात्र तिन्ही भाषांत एकच : अडगळीचा, अंधाराचा आणि मांजराच्या पिलांचा.

गेल्या वर्षी आमच्या घरात या अटकेचा विषय निघाला, तो मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. थोरल्या भावाचे, म्हणजे अण्णाचे, लग्न ठरले. दोन खोल्यांत आम्ही पाच माणसे राहत होतो, आता सहावे येणार. मी आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. वडील यंत्रमागावर रात्रपाळी करून सकाळी येतात आणि दुपारपर्यंत झोपतात. आई त्याच खोलीत भिंतीला टेकून विड्या वळते. अव्वा, म्हणजे माझी आजी, खाटेवर असते. माझ्या पुस्तकांना स्वतःची जागा नव्हती. लग्नाच्या बोलणीला आलेल्या एका नातेवाइकांनी सहज सुचवले, "हिचेच लग्न आधी उरकून टाका, म्हणजे जागेचा प्रश्न मिटेल." सगळे हसले. मला हसू आले नाही, कारण त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. एक माणूस कमी झाले की जागा वाढतेच.

वडिलांनी मात्र दुसरा उपाय काढला. ते म्हणाले, "पुढच्या खोलीत माळा टाकू. वर ही अभ्यास करील, झोपेलही." मेस्त्री आले, मान वर करून एकदा पाहिले आणि म्हणाले, "दोन दिवसांचे काम आहे." भिशीचे पैसे हाताशी होते. मी एक आठवडा मागून घेतला. भूगोलाच्या प्रात्यक्षिकात आम्ही प्रमाणात नकाशे काढतो. मग आपल्या घराचा नकाशा का काढू नये, असे मला वाटले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या आठवड्याचा वृत्तान्त होय. हा काही स्थापत्यशास्त्राचा ग्रंथ नव्हे. परंतु आपल्या कॉलेजातील पुष्कळ विद्यार्थी अशाच घरांतून येतात, त्यांच्या उपयोगी पडावा म्हणून लिहिते आहे.

१. उंची कोठून आली?

आमची पुढची खोली १० फूट रुंद आणि १४ फूट लांब, म्हणजे १४० चौरस फुटांची आहे. मुंबईच्या बी.डी.डी. चाळींतील खोल्या सुमारे १६० चौरस फुटांच्या. तेथे पोटमाळ्यांवर पिढ्या वाढल्या, हे आपण ऐकतो. पण आमच्या खोलीत एक विशेष आहे. ती उंच आहे. मागची भिंत १३ फूट, पुढची १० फूट, आणि त्यांवर एका बाजूला उतरता पत्रा.

एवढी उंची गरिबाच्या घराला कशी मिळाली? त्याचे उत्तर अव्वाने दिले. या खोलीत आजोबांचा हातमाग होता. सोलापुरी चादरीवर जी नक्षी उठते ती जकार्डामुळे. जकार्डाचे यंत्र मागाच्या डोक्यावर बसवावे लागते. त्यातून खाली सोडलेल्या दोऱ्या ताण्याचे धागे उचलतात. म्हणून ज्या घरात जकार्डाचा माग, त्या घराचे छप्पर उंच. पुढे यंत्रमाग आले, आजोबांचा माग मोडीत निघाला, त्याखालचा खड्डा बुजवला गेला. माग गेला, पण त्याच्यासाठी बांधलेली उंची घरात राहिली. आम्ही तिच्याकडे आजवर जागा म्हणून कधी पाहिलेच नव्हते.

२. दोन फूट कमी

माझा पहिला नकाशा चुकला. मी सगळीकडे १३ फूट उंची धरून माळ्यावर टेबल, खुर्ची आणि पुस्तकांचे कपाटही काढून टाकले होते. वडिलांनी झोपायच्या आधी कागद हातात घेतला आणि म्हणाले, "पत्रा उतरता आहे गं. तुझ्या कागदावर तो सपाट झालाय." मी पुन्हा मोजायला बसले.

माळ्याच्या मोजणीत तीन आकडे बेरजेला घ्यावे लागतात : माळ्याखालची उंची, माळ्याची स्वतःची जाडी आणि माळ्यावरची उंची. आपल्या देशात १९७० साली राष्ट्रीय इमारत संहिता प्रथम प्रसिद्ध झाली आणि १९८३, २००५ व २०१६ मध्ये ती सुधारली गेली. तिच्यात सामानाचा माळा आणि माणसांचा अर्धमजला असे दोन वेगळे प्रकार केले आहेत, आणि सगळी मेख तेथेच आहे. सामानाच्या माळ्याची उंची जास्तीत जास्त १.५ मीटर, म्हणजे सुमारे ४ फूट ११ इंच. माणसे जेथे राहणार त्या अर्धमजल्याची उंची कमीत कमी २.२ मीटर, म्हणजे सव्वासात फूट. आणि दोन्हींच्या खाली माणसाला ताठ उभे राहून वावरता यावे म्हणून तेवढीच, २.२ मीटर, मोकळी उंची.

आता बेरीज सोपी आहे. खाली सव्वासात फूट, आधार आणि फळ्या मिळून अर्धा फूट, वर सव्वासात फूट : एकूण १५ फूट. आमच्याकडे सर्वांत उंच भिंतीशीच १३ फूट. म्हणजे दोन फूट कमी, आणि पत्रा उतरत गेला तसतशी तूट वाढणार. माळा मागच्या भिंतीपासून सात फूट पुढे आणला, तर भिंतीशी सव्वापाच फूट उंची मिळते आणि पुढच्या कडेला फक्त पावणेचार.

हे आकडे घरच्यांना पटेनात. "बसायचेच तर आहे," असे अण्णा म्हणाला. म्हणून मी दोरीचा प्रयोग केला. खालीच, जमिनीपासून पावणेचार फुटांवर खोलीत आडवी दोरी बांधली आणि सर्वांना तिच्याखाली दहा मिनिटे वावरायला सांगितले. बसणे जमले. पण उठताना, पांघरूण झटकताना, कूस बदलून दिवा लावताना प्रत्येकाचे डोके दोरीला लागले. वडिलांनी दोरी सोडली आणि काही न बोलता झोपायला गेले. माझ्या मते माळा टाकण्यापूर्वी प्रत्येकाने हा प्रयोग करून पाहावा. त्याला सुतळीखेरीज खर्च नाही.

आईने एक तोड सुचवली : "वर दोन फूट नाहीत तर खाली खणा. मागाचा खड्डा होताच की." कल्पना चांगली होती. परंतु आमच्या गल्लीतला रस्ता दर डांबरीकरणाला थोडा थोडा वर आला आहे, आणि उंबरा आता रस्त्याहून जेमतेम एक वीत उंच आहे. जमीन खोल नेली असती तर पहिल्याच मोठ्या पावसात घरात हौद झाला असता.

३. जिना जागा खातो

माळ्याने किती जागा मिळते हे सगळे सांगतात. जिन्याने किती जाते हे कोणी सांगत नाही. घरगुती जिन्यासाठी संहितेत पायरीची उंची जास्तीत जास्त १९ सेंटिमीटर आणि पाऊल ठेवण्याची रुंदी कमीत कमी २५ सेंटिमीटर सांगितली आहे. आमच्या माळ्याचा तळ जमिनीपासून पावणेआठ फुटांवर, म्हणजे सुमारे २३६ सेंटिमीटरवर येणार होता. त्याला १९ ने भागले की १३ चढ येतात. १३ चढांना मधल्या १२ पायऱ्या. १२ गुणिले २५ म्हणजे ३०० सेंटिमीटर, सुमारे १० फूट लांबी. अडीच फूट रुंदी धरली तर २५ चौरस फूट जमीन जिन्याखाली गेली. वर ७० मिळणार, खाली २५ जाणार. अर्थशास्त्राच्या तासाला ज्याला आम्ही 'संधी परिव्यय' म्हणतो, तो मला या जिन्यापाशी प्रथम नीट कळला.

जिन्याऐवजी शिडी लावली तर जागा वाचते. पण शिडीवरून अव्वा कधीच वर जाणार नाही, आणि रात्री झोपेत उतरणारे माणूस केव्हा तरी पडणार. शिडी सामानासाठी ठीक, रोजच्या माणसासाठी नव्हे.

४. भार कोण घेणार?

राहत्या घराच्या जमिनीवर दर चौरस मीटरला २०० किलो भार येईल असे धरून रचना करावी, असे भारतीय मानक सांगते. ७० चौरस फूट म्हणजे साडेसहा चौरस मीटर. म्हणजे आमच्या माळ्याने १३०० किलो, सव्वा टनाहून अधिक, भार पेलायला हवा. मेस्त्री दोन्ही बाजूंच्या भिंतींत लोखंडी तुळया खोचणार होते. त्यांतली एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे. दोन्ही भिंती जुन्या विटांच्या, मातीत रचलेल्या. खिळा ठोकला तर माती गळते. त्या भिंतीला भोके पाडून तिच्यावर माणसे झोपवायची, आणि तेही शेजाऱ्यांना न विचारता, हे मला योग्य वाटेना.

या ठिकाणी अव्वाने एक आठवण सांगितली. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेले. सोलापुरात आमच्या घरातली फळीवरची भांडी वाजली. सकाळी कळले की किल्लारीला भूकंप झाला. किल्लारी आपल्यापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. तेथे हजारो माणसे गेली. त्या भागातली जुनी घरे माळवदाची : जाड दगडी भिंती मातीत रचलेल्या, वर लाकडी तुळया, किलच, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात असे घर थंड असते, म्हणून आपल्या जिल्ह्यातही माळवदे पुष्कळ. पण डोक्यावर एवढा भार आणि भिंतीतले दगड एकमेकांना धरून नाहीत, हा योग भूकंपात जीवघेणा ठरला. भिंती ढासळल्या आणि छप्पर झोपलेल्यांवर आले. आमचा पत्रा हलका आहे, परंतु मातीच्या जोडाईच्या भिंतीवर वरून भार वाढवणे ही चूक मात्र तीच झाली असती.

मग भार कोणी घ्यायचा? उत्तर पुन्हा आजोबांच्या मागानेच दिले. अव्वा म्हणाली, "माग कधी भिंतीला टेकलेला नव्हता. तो आपल्या चार पायांवर उभा होता." जकार्डाचे सगळे ओझे लाकडी खांबांवरून जमिनीत जात असे. माळाही तसाच करता येतो. चारी कोपऱ्यांना लोखंडी खांब, प्रत्येकाखाली काँक्रीटची बैठक, आणि भिंतीशी फक्त शेजारपण.

५. ऊन, वारा आणि आग

थंड देशांत उतरत्या छपराखालची जागा राहण्यासाठी वापरतात. घरातली ऊब वर चढते आणि तेथे ती हवीच असते. आपल्याकडे याच्या नेमके उलट आहे. सोलापूर साधारण १७ अंश ४० मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर आपल्या माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ज्या दिवसांत वार्षिक परीक्षा आणि सुट्ट्या असतात, त्याच दिवसांत पत्र्यावर सरळ ऊन पडते. पत्रा पातळ असतो. तो लवकर तापतो आणि तापला की खाली उष्णता फेकतो. शिवाय खोलीतली गरम हवा वरच साठते. म्हणजे माळ्यावरचे माणूस दोन्हीकडून भाजते.

सरांच्या परवानगीने मी प्रयोगशाळेतला तापमापक दोन दिवस घरी आणला. दुपारी तीन वाजता खाटेच्या उंचीवर आणि माळ्याच्या उंचीवर, अशा नोंदी घेतल्या. दोन्ही दिवशी वर पाच अंशांहून अधिक फरक होता. रात्री दहानंतर मात्र हा फरक जवळजवळ गेला, कारण पत्रा तापतो तसा निवतोही लवकर. पत्र्याला चुना दिला, खाली बांबूच्या तट्ट्याचे अस्तर लावले आणि समोरासमोरच्या भिंतींत छपरालगत झरोके ठेवले तर फरक पडतो. परंतु दुपारी अभ्यासाला बसण्याची ती जागा नव्हे, एवढे ठरले.

वाऱ्याचा प्रश्न तंबाखूशीही जोडलेला आहे. विडीचे पान ओलसर ठेवावे लागते. वर ठेवले तर वाळून तडकते. म्हणून आईचे काम खालीच राहणार, आणि तंबाखूची बारीक धूळ गरम हवेबरोबर वर जाणार. मी ज्या धुळीपासून दूर जाऊ पाहत होते, तिच्याच वाटेत मी अंथरूण घालणार होते.

शेवटची गोष्ट आगीची. १८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागून आठ माणसे गेली. ते दुःख आपल्या शहरात अजून ताजे आहे. सूत, कापूस आणि कापड जेथे असते तेथे आग चटकन पसरते, आणि धूर आधी वर चढतो. आमच्या घराला बाहेर पडायचे दार एकच, आणि त्याच्या वाटेवर स्वयंपाकाचा गॅस. माळ्यावर झोपलेल्या माणसाला शिडी उतरून त्याच वाटेने यावे लागले असते.

६. सामानाची शिरगणती

एवढी मोजणी झाल्यावर मी हिरमुसले. पत्रा उतरवून मागची भिंत दोन-तीन फूट वर नेणे हा खरा उपाय होता. पण त्यासाठी खांब, पाया, महानगरपालिकेची परवानगी आणि आमच्या भिशीच्या कितीतरी पट पैसा लागतो. मग माझ्या मनात आले की आपण प्रश्नच उलटा मांडला आहे. वर माणसे नेता येत नाहीत, पण सामान तर नेता येते. जमिनीवर सामानाने किती जागा धरली आहे, हे मी मोजलेच नव्हते.

त्या संध्याकाळी खडूने प्रत्येक वस्तूभोवती रेघ ओढली. अव्वाच्या लग्नातली लोखंडी ट्रंक, गाद्यांचा ढीग, सणाची भांडी, मोडलेल्या मागाची लाकडे, सुताची रिकामी पोती, कूलर, जुनी खाट, एक न चालणारे शिलाई मशीन. सगळ्यांची बेरीज ३८ चौरस फूट. १४० पैकी ३८! म्हणजे खोलीचा चौथ्याहून अधिक भाग अशा वस्तूंनी व्यापला होता ज्यांना आम्ही वर्षातून दोन-चार वेळा हात लावतो. सहावे माणूस येण्याच्या आधीच एक अदृश्य माणूस घरात राहत होते.

मग नकाशा दुसऱ्यांदा काढला. मागच्या भिंतीलगत १० फूट लांब आणि फक्त साडेतीन फूट खोल असा सामानाचा माळा, चार खांबांवर. त्यावर साडेचार ते सव्वापाच फूट उंची, सामानाला पुरेशी. मधल्या पंख्याच्या पात्यांपासून तो दूर राहतो. माळ्याला पुढून कठडा. भिंतीला अडकवून ठेवायची शिडी. जड वस्तू, म्हणजे ट्रंक आणि भांडी, खांबांच्या जवळ. हलक्या गाद्या मध्ये. धान्याची कोठी खालीच, कारण ती जड आणि रोजच्या वापराची. मागाची लाकडे विकण्याचे ठरले. अव्वाने त्यांतला एक धोटा मात्र ठेवून घेतला.

मेस्त्रीकाकांनी नकाशा पाहिला. "एवढ्याशा माळ्यासाठी खांब कशाला?" असे म्हणाले, पण भिंतीत बोटाने थोडे खरवडल्यावर त्यांनीच मान डोलावली. काम दोन दिवसांचे नव्हे, पाच दिवसांचे झाले. पैसे भिशीत बसले, आणि उरलेल्यांत पत्र्याला चुना झाला.

७. उपसंहार

या अभ्यासातून मला जे उमगले ते थोडक्यात असे. माळ्याचा विचार करताना आधी तीन उंचींची बेरीज करावी. ती १५ फुटांच्या आत असेल तर तेथे माणसे राहण्याचा नाद सोडावा. जिना किती जमीन घेईल ते आधीच काढावे. भार भिंतीवर टाकण्यापूर्वी भिंत कशाने जोडली आहे ते पाहावे, आणि ती सामाईक असेल तर शेजाऱ्यांशी आधी बोलावे. दुपारी एकदा त्या उंचीवर तापमान घ्यावे. आणि सर्वांत आधी, खडू घेऊन जमिनीवरच्या सामानाभोवती रेघ ओढावी.

वहिनी दिवाळीनंतर आल्या. मागची खोली रात्री त्यांची आणि अण्णाची असते. ट्रंक होती त्या जागी खिडकीखाली माझे टेबल आहे, चार फूट लांब आणि दोन फूट रुंद. मला स्वतंत्र खोली मिळाली नाही. माझ्या पाठीमागे आई विड्या वळत असते आणि वडील झोपलेले असतात, म्हणून मी अजूनही मनातल्या मनातच वाचते. वहिनी बारावी झालेल्या आहेत. परवा त्यांनी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला स्टूल ओढून घेतले आणि मुक्त विद्यापीठाचा प्रवेश-अर्ज कसा भरतात ते विचारले. चार फुटांत दोघी बसतो, कोपराला कोपर लागते.

घर उंच करण्याचा विषय वडिलांनी सोडलेला नाही. ते म्हणतात, "तुझे बी.ए. झाले की बघू." त्या दोन फुटांचा हिशेब आमच्या घरात अजून बाकी आहे.